१६३० फुटांची रेषा

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाची, कापडावर डकवलेली एक जुनी शीट मिळाली. मथळ्यावर ४७ जे/१५ असा क्रमांक होता आणि सालाचा कोपरा वाळवीने खाल्लेला होता. तरीही ती जुनी असल्याचे दोन पुरावे शीटवरच होते. पहिला म्हणजे उंचीचे आकडे फुटांत होते आणि प्रमाण एका मैलाला एक इंच होते, म्हणजे ती मेट्रिक शीट येण्यापूर्वीची होती. दुसरा पुरावा अधिक बोलका होता. भिगवणच्या पूर्वेला आज जिथे समुद्रासारखे पाणी दिसते, तिथे या शीटवर भीमेची एक बारीक निळी रेघ होती. तिच्या दोन्ही काठांवर गावे होती, पिवळ्या रंगात दाखवलेली शेते होती आणि नदी ओलांडून जाणारा लोहमार्ग होता. उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि तो सगळा पट्टा पाण्याखाली गेला.

धरणाची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची उंची, ४९६.८३ मीटर आहे. हा आकडा फुटांत मांडला तर बरोबर १६३० येतो. जुन्या शीटवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पन्नास-पन्नास फुटांच्या अंतराने आहेत, म्हणजे १६०० ची आहे आणि १६५० ची आहे. मी या दोहोंच्या मधून, अंदाजाने, निळ्या पेन्सिलने १६३० ची रेषा ओढली आणि त्या रेषेच्या आत किती नावे सापडतात ते मोजत बसले. त्याच आठवड्यात मामांना फोन केला. मामा भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले आहेत. ते म्हणाले, "पाणी उतरलंय तोवर जाऊन येऊ. नंतर तुझ्या रेषेच्या आत पोहत जावं लागेल."

पहिला दिवस : शुक्रवार, १० मे २०२४

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी घरचे जेवण सोडून निघाल्याबद्दल बरेच ऐकून घ्यावे लागले. सकाळी सहाला पुणे सोडले आणि सोलापूर रस्त्याने सुमारे १०५ किलोमीटरवरचे भिगवण नऊच्या आत गाठले. लॉजमध्ये सामान टाकून लगेच डिकसळच्या पुलाकडे गेलो.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा पुणे ते डिकसळ हा टप्पा १५ डिसेंबर १८५८ रोजी सुरू झाला. पुढे बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, गाडी पोहोचायला १८५९ चा ऑक्टोबर उजाडला. या मधल्या दहा महिन्यांत डिकसळ हे लोहमार्गाचे शेवटचे टोक होते. आज तिथे उभे राहिल्यावर हे खरे वाटत नाही. धरणामुळे रेल्वे उंचावरच्या नव्या मार्गाने गेली आणि जुना दगडी पूल रस्त्यासाठी राहिला. पुणे जिल्ह्यातून सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात, कोंढार चिंचोलीकडे, जायला लोक तो वापरत. २०२३ मध्ये त्याचा काही भाग खचला, म्हणून आम्ही गाडी अलीकडच्या काठावरच उभी केली आणि चालत निघालो.

पाणी ओसरल्यामुळे पुलाचे खांब बुडापर्यंत उघडे होते. प्रत्येक खांबावर ठरावीक उंचीपर्यंत पांढुरका थर चढलेला होता आणि त्याच्या वर मूळ काळा दगड दिसत होता. मामांनी तो थर मला दाखवला आणि मग काठाकडे बोट केले. काठावरही तीच रेषा होती. तिच्या खाली भेगाळलेला गाळ आणि वर वेड्या बाभळीचे दाट रान. पाणी जिथपर्यंत दरवर्षी चढते, तिथपर्यंत बाभूळ तग धरत नाही आणि त्याच्या एक हात वर ती कुणाला हटू देत नाही. घरी टेबलावर बसून मी अंदाजाने ओढलेली १६३० फुटांची रेषा इथे बाभळींनी आखून ठेवली होती. माझी पेन्सिल दोन-तीन ठिकाणी चांगलीच चुकली होती, हेही तिथेच कळले.

पलीकडच्या टोकाजवळच्या एका वस्तीवर पाणी मागायला थांबलो. ओट्यावर एक आजी करा पूजत होत्या. मातीच्या कऱ्यात पाणी आणि त्याच्या तोंडावर आंबा ठेवला होता. सणाच्या दिवशी दारात आलेल्या माणसाला नुसते पाणी देऊन वाटेला लावायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. त्यामुळे आमरस, पुरणपोळी, कुरडई आणि वर कटाची आमटी असे जेवण आम्हाला अनपेक्षितपणे मिळाले. जेवताना मी शीट उघडली. आजींना वाचता येत नव्हते, पण रेल्वेची काळी रेघ त्यांनी लगेच ओळखली.

"ही गाडी आमच्या दारातनं जायाची," त्या म्हणाल्या. "माझं म्हायार पोमलवाडी. टेसन व्हतं तिथं."

शीटवर पोमलवाडी स्टेशन होते. आजच्या वेळापत्रकात भिगवणनंतर जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे, पोफळज आणि जेऊर अशी नावे येतात. पोमलवाडी त्यात नाही. आजींनी त्या नावावर बोट ठेवले आणि पदराने घाम पुसत बराच वेळ ते तिथून उचलले नाही. मग शेजारी बसलेल्या नातवाला म्हणाल्या, "ह्याची छापील काढून आण." नातवाने मोबाइलवर फोटो काढला, पण त्यांना कागद हवा होता. परतीच्या वाटेवर प्रत आणून देण्याचे आम्ही कबूल केले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जुनी शीट मिळाली नाही म्हणून कुणी अडून राहू नये. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात भारताच्या अडीच लाखांत एक प्रमाणाच्या शीट छापल्या. यू ५०२ नावाची ती मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्कॅन करून सर्वांसाठी खुली ठेवली आहे. तिच्यात विहिरी आणि पायवाटा मिळत नाहीत, पण धरणापूर्वीची नदी, गावे आणि रेल्वे मिळतात. आजची स्थिती ताडून पाहण्यासाठी सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारांत एक प्रमाणाच्या खुल्या शीट संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. दोन्ही शेजारी ठेवल्या की गायब झालेली नावे पाच मिनिटांत दिसू लागतात. क्रमांकाची रीतही सोपी आहे. ४७ जे हा एक अंश बाय एक अंशाचा चौकोन, आणि त्याचे पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे. भिगवण पंधराव्या तुकड्यात पडते. इंदापूर मात्र पंचाहत्तर रेखांशाच्या पलीकडे असल्यामुळे थेट ४७ एन/४ मध्ये जाते. म्हणून एका तालुक्यासाठी तीन-चार शीट लागतील हे गृहीत धरावे.

रात्री भिगवणला मासे खावेत असा माझा बेत होता. सणाच्या दिवशी मासे नकोत, असे मामांनी शांतपणे सांगितले आणि आम्ही पिठले-भाकरी खाल्ली.

दुसरा दिवस : शनिवार, ११ मे

पहाटे साडेपाचला पळसदेव गाठले, कारण आठनंतर उघड्या गाळावर उभे राहवत नाही. आजचे गाव महामार्गालगत आहे. जुने गाव आणि पळसनाथाचे मंदिर जलाशयात आहे. एरवी शिखराचे टोक तेवढे दिसते आणि मोठ्या टंचाईच्या वर्षी मंदिर पूर्ण उघडे पडते. त्या वर्षी ते पडले होते. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असली तरी त्यातला ६३ टीएमसीहून अधिक भाग मृतसाठ्याचा, म्हणजे एरवी वापरता न येणाऱ्या पाण्याचा, आहे. त्याची पातळी ४९१.०३ मीटर, म्हणजे आमच्या शीटच्या भाषेत १६११ फूट. पाणी त्याच्याही खाली गेले की वर्तमानपत्रांत "उजनी उणे" अशी मथळ्याची ओळ येते. २०२४ मध्ये उणे टक्केवारी जूनच्या सुरुवातीला साठच्या घरात गेली.

मंदिराकडे जाताना पायाखाली आधी शिंपल्यांचा चुरा लागतो, मग जाळ्यांचे तुकडे आणि मग अचानक घडवलेले दगड. घरांची जोती सरळ रेषेत उभी होती. एका जोत्यावर जाते होते, खालची तळी तेवढी. मंदिराच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, ओळीने होते. लढणारा वीर, त्याला नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, हे तीन थर चाळीसहून अधिक वर्षे पाण्यात राहूनही स्पष्ट दिसत होते. एका वीरगळावरच्या घोड्याच्या पोटाखाली वाळलेले शेवाळ चिकटले होते. गाभाऱ्यातले लिंग गावकऱ्यांनी नव्या गावातल्या मंदिरात नेले आहे, त्यामुळे आत रिकामे होते. आत जाताना छताकडे लक्ष ठेवावे आणि कोणताही दगड हलवू नये. आम्ही होतो तेवढ्यात एका गटाने छायाचित्रासाठी वीरगळ उभा करण्याचा घाट घातला आणि मामांनी आपला सरकारी आवाज काढून त्यांना थांबवले.

मंदिर कुणालाही सापडते. मला नकाशावरची एक विहीर शोधायची होती. गावाबाहेर, पायवाटेच्या कडेला, एक निळे वर्तुळ होते. मी घरीच कडेवरच्या आकड्यांवरून तिचे अक्षांश-रेखांश काढले होते आणि ते फोनमध्ये भरले होते. फोन आम्हाला ठीक त्या जागी घेऊन गेला. तिथे सपाट गाळ होता. पंधरा मिनिटे आम्ही गोल गोल फिरलो. मी विहीर बुजली असेल म्हणून हळहळत होते आणि मामा मात्र चष्मा कपाळावर चढवून शीटचा समास वाचत होते.

"एव्हरेस्टचा लंबगोल आहे हा," ते म्हणाले. "तुझा फोन दुसऱ्या मापाने चालतो. आकडे तसेच भरलेस?"

मी तसेच भरले होते. जुन्या भारतीय नकाशांचे अक्षांश-रेखांश जॉर्ज एव्हरेस्ट या सर्वेक्षकाने १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत, तर फोनमधली प्रणाली जगभर चालणारे डब्ल्यूजीएस ८४ हे माप वापरते. या भागात दोहोंत शंभर-दीडशे मीटरचा फरक पडतो आणि खरी जागा फोनने दाखवलेल्या जागेच्या वायव्येला असते. आम्ही होकायंत्र धरून वायव्येला पावले मोजत गेलो. एकशे ऐंशीव्या पावलाच्या सुमारास मामा थांबले. गाळातून घडीव दगडाची एक कमान जेमतेम वीतभर वर आली होती आणि तिच्याआड विहिरीचे अर्धवट भरलेले तोंड होते. मोटेचे पाणी जिथे ओतले जाते त्या थारोळ्याचा दगड तसाच होता. त्यावर दोराने घासून पडलेल्या दोन खोल खाचा होत्या. मी त्यांत बोट घातले तेव्हा पहिले पेर पूर्ण आत गेले. एवढे घासायला किती वर्षे मोट चालली असेल, याचा हिशोब आम्ही दोघांनी वेगवेगळा केला आणि तो जुळला नाही.

ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांनी आकडे भरण्यापूर्वी रूपांतर करून घ्यावे. ते जमत नसेल तर पूल, देऊळ, टेकडीचे टोक अशा दोन्ही नकाशांत न हललेल्या खुणा धरून स्कॅन जुळवून घ्यावा. दुसरे, गाळ वरून कोरडा दिसला तरी काठाच्या पन्नास पावलांच्या आत जाऊ नये. माझा एक पाय गुडघ्यापर्यंत रुतला आणि बूट काढायला मामांना हात घालावा लागला.

दुपारी भिगवणला चिलापी फ्राय, ज्वारीची भाकरी आणि पातळ रस्सा असे जेवलो. चिलापी या भागात पूर्वी नव्हती. जलाशय झाला, बाहेरचे मासे आले आणि नांगर धरणाऱ्या काही घरांत जाळी आली. भोई समाजातला एक मासेमार शेजारच्या बाकावर जेवत होता. तो सांगत होता की कुठे जाळे टाकायचे नाही हे त्याला वडिलांनी जुन्या गावांच्या नावाने शिकवले आहे. पडक्या भिंतींत जाळे अडकून फाटते, म्हणून बुडालेली गावठाणे तोंडपाठ असावी लागतात. मी शीट पुढे केली. त्याने दोन गावठाणे अचूक दाखवली आणि तिसऱ्याला "हे जरा वर पायजे" असा शेरा मारला.

संध्याकाळी त्याच्याच ओळखीने होडीतून पलीकडच्या काठाकडे निघालो. पाचच्या सुमाराला पश्चिमेकडून वारा सुटला, पाणी काळे पडले आणि होडीवाल्याने काही न बोलता होडी फिरवली. काठाला लागेपर्यंत वळवाचे टपोरे थेंब पडू लागले होते. मला तेव्हा तो बेत फसल्याचा राग आला होता. त्यानंतर दहा दिवसांनी, २१ मे रोजी, कुगाव आणि कळाशी यांच्यामध्ये अशाच वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. रस्त्याने फार मोठा वळसा पडतो म्हणून दोन्ही काठांचे लोक रोज याच पाण्यातून जात-येत होते. अंगावर जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय होडीत बसू नये आणि मे महिन्यात दुपारी तीननंतर मुळीच निघू नये, एवढे मी आता आग्रहाने सांगते.

तिसरा दिवस : रविवार, १२ मे

इंदापूरला जाताना वाटेत डाळज नंबर एक, डाळज नंबर दोन, कालठण नंबर एक अशा पाट्या लागतात. करमाळ्याच्या बाजूलाही केत्तूर एक आणि केत्तूर दोन आहेत. ते नाव जुन्या शीटवर कुठे आहे हे पाहायला अशा प्रत्येक पाटीपाशी थांबण्याची सवय लागली आणि चाळीस किलोमीटरला अडीच तास गेले.

गावात प्रथम मालोजीराजांच्या गढीकडे गेलो. शिवाजी महाराजांचे हे आजोबा इंदापूरच्या लढाईत पडले. पण मामांना इंदापूरचे वेड वेगळ्याच कारणाने आहे. मुंबई इलाख्याची जमीन मोजणी ज्या पद्धतीने झाली, ती पद्धत याच तालुक्यात जन्मली. त्याआधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी केली होती. ती कागदावर फार शास्त्रशुद्ध होती, पण आकारणी इतकी जड निघाली की रयत जमिनी टाकून निघून गेली. १८३५ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी अभियंता इंदापुरात आले. त्यांनी उत्पन्नाचे बारीक हिशेब सोडले, मातीचा रंग आणि खोली पाहून प्रत लावली, प्रत्येक शेताला नंबर दिला आणि तीस वर्षे आकार, म्हणजे शेतसारा, बदलणार नाही असे जाहीर केले. ओसाड पडलेली शेते पुन्हा वहिवाटीला आली. तीस वर्षे संपल्यावर १८६७ मध्ये फेरआकारणी झाली आणि आकार भरमसाट वाढला. १८७५ मध्ये शेजारच्या सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या, त्यामागच्या कारणांत हेही एक होते.

गढीच्या सावलीत बसून मामांनी शंकू साखळीचे गणित समजावले. साखळी तेहतीस फुटांची आणि तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आपण आजही ज्या गुंठ्यांत बोलतो ते त्या लोखंडी साखळीचे माप आहे. "तुझी शीट डोंगर-नद्यांची," ते म्हणाले. "तिच्यात गाव दिसतं, पण माणसाचं रान दिसत नाही. रान बघायचं तर गाव नकाशा काढ, टिपण काढ." टिपण म्हणजे एकेका शेताच्या मोजणीचा कच्चा आराखडा. ही सूचना मी तशीच पुढे देते. बुडालेल्या गावांचे जुने नकाशेही तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मागता येतात. त्यासाठी गावाचे जुने नाव आणि निदान एक सर्व्हे नंबर हाताशी असला तर काम लवकर होते. रविवार असल्यामुळे आम्हाला ते साधले नाही.

एका झेरॉक्सवाल्याकडे शीटच्या आजींच्या बाजूच्या भागाची दुप्पट मोठी प्रत काढली, ती प्लास्टिकमध्ये घालून घेतली आणि भिगवणला परत येऊन पुन्हा पूल ओलांडला. आजींनी ती ओट्यावर पसरली आणि रेल्वेच्या रेघेवरून बोट सरकवत सुरुवात केली. टेसन, मग ओढा, मग मारुतीचे देऊळ. नातू प्रत्येक ठिकाणी वाकून नाव वाचत होता. त्याने विचारले की आपले रान कुठे होते. आजींनी कागदाकडे न पाहता सर्व्हे नंबर सांगितला आणि मामांनी मान डोलावून तो टिपून घेतला. मग त्यांचे बोट स्टेशनाच्या खालच्या मोकळ्या जागेवर थांबले.

"हिथं आड व्हता," त्या म्हणाल्या. "गोड्या पान्याचा. सगळं टेसन तेचंच पानी प्यायाचं. ह्यात न्हाय त्यो."

मामांनी शीट पाहिली, भिंगातून पाहिली. तिथे खरेच काही नव्हते. त्यांनी खिशातून माझी निळी पेन्सिल काढली, आजींना पुन्हा एकदा जागा विचारून घेतली आणि मूळ शीटवर एक बारीक वर्तुळ काढले.